वरच्या वाडीला पाणी का चढत नाही, आणि सॉफ्टवेअर त्यात काय करतं

कोकणातल्या बहुतेक नळपाणी योजनांचा नकाशा डोळे मिटून काढता येतो. खाली नदी किंवा पऱ्या म्हणजे ओढा, काठाला जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथून सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या कातळपठारापर्यंत चढवलेली पाइपलाइन, सड्यावर टाकी, आणि टाकीतून उताराने वाड्यावाड्यांत गेलेले फाटे. भांडणही ठरलेलंच असतं. खालच्या वाडीत नळाला धो धो पाणी, वरच्या वाडीत नळ सोडला की नुसता वारा. मग कोणी म्हणतं टाकी लहान पडते, कोणी म्हणतं पंप बदला, कोणी म्हणतं पाइप मोठा घाला. प्रस्ताव जातो, अंदाजपत्रक होतं, आणि दोन पावसाळे जातात.

यातली बरीच दुखणी नवा पाइप न घालता बरी होण्यासारखी असतात. पंप किती वाजता चालवायचा, कोणत्या फाट्याला आधी पाणी द्यायचं, कोणता व्हॉल्व्ह किती उघडायचा, एवढं बदललं तरी पुष्कळ फरक पडतो. फक्त काय बदललं की काय होईल, हे अंदाजाने कळत नाही. त्यासाठी हिशोब लागतो, आणि तो पुष्कळदा हाताने करण्यापलीकडचा असतो. पाणीपुरवठ्याचं जाळं चालवण्यासाठी जी सॉफ्टवेअर निघाली आहेत, ती हा हिशोब करतात.

सुरुवातीलाच एक फरक सांगून टाकतो, कारण सरकारी बैठकांतसुद्धा याची गल्लत होते. योजना आखायचं सॉफ्टवेअर वेगळं आणि चालवायचं वेगळं. आखताना प्रश्न एकदाच येतो: कोणत्या तुकड्यात किती व्यासाचा पाइप घातला म्हणजे कमीत कमी खर्चात सगळीकडे दाब मिळेल? आयआयटी मुंबईने ग्रामीण योजनांसाठी तयार केलेलं 'जलतंत्र' हे या प्रकारचं. चालवण्याचा प्रश्न मात्र रोज सकाळी नव्याने उभा राहतो, कारण आज वीज कधी जाईल, नदीला पाणी किती आहे आणि गावात माणसं किती आहेत, हे रोज बदलतं. हा लेख या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी एक गाव बांधू

एक कल्पनेतलं गाव घेऊ. जॅकवेल समुद्रसपाटीपासून १० मीटरवर. सड्यावरची टाकी ११० मीटरवर. वरची वाडी ९८ मीटरवर, मधली वाडी ६० मीटरवर, आणि खाडीकडची खालची वाडी २० मीटरवर. वस्ती २,००० माणसांची. जलजीवन मिशनने २०१९ साली माणशी दिवसाला ५५ लिटरचं माप धरलं, त्या हिशोबाने गावाला रोज १,१०,००० लिटर, म्हणजे ११० घनमीटर पाणी लागतं.

पाण्याचा दाब आपण उंचीत मोजतो. १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण १ किलो दाब. सगळे नळ बंद आहेत आणि पाइप भरलेले आहेत असं धरलं, तर वरच्या वाडीत टाकीच्या उंचीमुळे १२ मीटरचा दाब असेल, मधल्या वाडीत ५० मीटरचा, आणि खालच्या वाडीत ९० मीटरचा, म्हणजे ९ किलो. बाजारात सर्रास मिळणारा ६ किलोचा पीव्हीसी पाइप खालच्या वाडीत घातला असेल, तर तो वारंवार का फुटतो हे आणखी कोणाला विचारायची गरज नाही. एकाच टाकीवर एक वाडी तहानलेली आणि दुसरी वाडी फुटक्या पाइपाची, ही कोकणच्या उतारांची देणगी. देशावरच्या सपाट गावात हा प्रश्न एवढा तीव्र नसतो, आणि म्हणूनच तिकडचे ठोकताळे इकडे आणून चालत नाहीत.

आता नळ सोडू. पाणी वाहायला लागलं की पाइपाच्या आतल्या भिंतीशी घर्षण होतं आणि दाब घटत जातो. ही घट मोजायला आपल्याकडे हेझन-विल्यम्सचं सूत्र वापरतात. सूत्र पाठ करायची गरज नाही, पण त्याचे तीन परिणाम लक्षात ठेवण्यासारखे आहेत. प्रवाह दुप्पट झाला की दाबातली घट दुप्पट होत नाही, साधारण ३.६ पट होते. तेवढंच पाणी अर्ध्या व्यासाच्या पाइपातून न्यायचं ठरवलं, तर घट साधारण २९ पट होते. आणि पाइप आतून खरखरीत झाला, म्हणजे सूत्रातला गुळगुळीतपणाचा आकडा १४० वरून १०० वर आला, तर घट पावणेदोन पटीच्याही वर जाते.

हे आपल्या गावाला लावू. टाकीतून निघालेला मुख्य पाइप १५० मिलिमीटर व्यासाचा आहे, आणि वरच्या वाडीचा फाटा फुटेपर्यंत तो ६०० मीटर जातो. गावाचं सगळं ११० घनमीटर पाणी रोज दीड तासात सोडून टाकायची पद्धत आहे. म्हणजे सेकंदाला साधारण २० लिटरचा प्रवाह. या ६०० मीटरमध्ये घर्षणाने ५ मीटर दाब जातो. वरच्या वाडीकडे १२ होते, ७ उरले. फाट्यातली घट गणित सोपं राहावं म्हणून सोडून देऊ. पाणीपुरवठ्याची राष्ट्रीय नियमावली काढणाऱ्या सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या संस्थेने १९९९ च्या आवृत्तीत एकमजली घरांसाठी किमान ७ मीटरच सांगितले होते. म्हणजे कागदावर योजना बरोबर आहे, अभियंत्याने काही चूक केलेली नाही.

पण खालच्या वाडीत ९ किलो दाब आहे. तिथले नळ सोडले की ते कागदावरच्या मापाने वाहत नाहीत, दाबाच्या मापाने वाहतात. शिवाय तिथे दोन-चार ठिकाणी गळती आहे. समजा या सगळ्यामुळे मुख्य पाइपातला प्रवाह दीडपट झाला. आता त्याच ६०० मीटरमध्ये ५ नव्हे, ११ मीटर दाब जातो. वरच्या वाडीकडे उरला १ मीटर. जमिनीपासून हातभर वर असलेल्या नळाला १ मीटर दाब म्हणजे करंगळीएवढी धार, आणि शेजाऱ्याने टुल्लू पंप लावला की तीही नाही.

इथे तीन उपाय सुचतात. मोठा पाइप घाला, हा पहिला. तो चालतो, पण महाग आहे. दुसरा, खालच्या वाडीचा दाब मोडा. वाटेत एक छोटी दाब-मोड टाकी बांधली, योजनेच्या भाषेत बीपीटी, किंवा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला, की खालच्या वाडीतली हाव आणि गळती दोन्ही कमी होतात. तिसरा उपाय फुकटचा आहे: तेच पाणी दीड तासाऐवजी तीन तासांत सोडा. प्रवाह निम्मा, घट ५ वरून १.४ मीटरवर, आणि वरच्या वाडीकडे साडेदहा मीटर दाब. अर्थात हे तेव्हाच, जेव्हा खालची वाडी व्हॉल्व्हने आवरलेली असेल. नाहीतर तीन तास उघडं ठेवलं की ती तीन तास ओढत राहील आणि टाकी आधीच रिकामी होईल. म्हणजे वेळ वाढवणं आणि व्हॉल्व्ह आवळणं हे दोन्ही बरोबरच करावं लागतं. किती वेळ आणि किती आवळायचं?

हिशोब हाताने का होत नाही

आपल्या गावात एक टाकी आणि तीन फाटे आहेत. हा हिशोब वहीवर होईल. शहरात पाइप एकमेकांना जोडून रिंग तयार होतात, आणि एका चौकात पाणी दोन बाजूंनी येऊ शकतं. कोणत्या बाजूने किती येईल हे दोन्ही बाजूंच्या घर्षणावर अवलंबून, आणि घर्षण प्रवाहावर अवलंबून. म्हणजे उत्तर माहीत असल्याशिवाय प्रश्नच मांडता येत नाही, अशी अवस्था.

हार्डी क्रॉस नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९३६ साली यावर रीत काढली. आधी प्रवाहांचे आकडे अंदाजाने भरायचे, मग प्रत्येक रिंगेत दाबाचा हिशोब जुळतो का ते पाहायचं, चूक निघेल तेवढी दुरुस्ती करायची, पुन्हा पाहायचं, आणि चूक नगण्य होईपर्यंत हे चालू ठेवायचं. अभियंत्यांच्या कितीतरी पिढ्यांनी हे कागदावर केलं. पुढे संगणक आले आणि १९८०च्या दशकात इटलीच्या तोदिनी आणि पिलाती यांनी सगळ्या जाळ्याचे प्रवाह आणि दाब एकदमच सोडवणारी, बरीच वेगवान रीत मांडली. आज जगभर वापरलं जाणारं 'ईपानेट' हे सॉफ्टवेअर याच रीतीवर चालतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ते १९९३ साली काढलं. ते फुकट आहे, त्याचा मूळ कोड सगळ्यांना खुला आहे, आणि जगातल्या अनेक महागड्या व्यापारी सॉफ्टवेअरच्या पोटात गणिताचा गाभा हाच किंवा याचाच भाऊबंद असतो.

ईपानेट दोनच नियमांवर उभं आहे. कोणत्याही जोडावर जेवढं पाणी आलं तेवढंच तिथून गेलं किंवा वापरलं गेलं पाहिजे. आणि टाकीपासून नळापर्यंत कोणत्याही वाटेने गेलात तरी दाबाचा हिशोब एकच निघाला पाहिजे. तुम्ही त्याला प्रत्येक पाइपाची लांबी, व्यास आणि जुनेपणा, प्रत्येक जोडाची उंची आणि पाण्याची मागणी, टाकीचा आकार आणि पंपाचा आलेख, म्हणजे तो किती उंचीला किती पाणी देतो ते, देता. ते तुम्हाला दिवसाच्या प्रत्येक तासाला कुठे किती दाब, कुठे किती प्रवाह, टाकीत किती पातळी आणि पंपाने किती वीज खाल्ली हे सांगतं. नळापर्यंत पोहोचेस्तोवर क्लोरीन किती उरलं, हेसुद्धा. नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरावं असा दंडक आहे, आणि टाकीत टीसीएल पावडर टाकून मोकळं होणाऱ्या योजनांत शेवटच्या घराचं काय होतं हे अशा मॉडेलमध्ये पाहिल्यावर जरा धक्का बसतो.

मात्र ईपानेट स्वतःहून सल्ला देत नाही. 'असं केलं तर काय होईल' एवढंच ते सांगतं. 'मग काय करू' हे सांगायला त्याच्या डोक्यावर दुसरा एक प्रोग्रॅम बसवावा लागतो. चालवणं सुधारायचं सॉफ्टवेअर म्हणजे खरं तर हा वरचा मजला.

वरचा मजला

तीन पंप आहेत. दिवसाच्या प्रत्येक तासाला प्रत्येक पंप चालू किंवा बंद. किती वेळापत्रकं होतील? २ चा ७२ वा घात, म्हणजे ४७ वर वीस शून्यं. सगळी तपासून सर्वांत स्वस्त निवडायचं म्हटलं तर संगणकालाही जन्म पुरणार नाही. म्हणून शोध घेण्याच्या युक्त्या लागतात.

काही युक्त्या शुद्ध गणिताच्या आहेत: प्रश्न सरळ रेषांच्या भाषेत मांडला तर त्याचं सर्वोत्तम उत्तर ठामपणे काढता येतं. पण पंप आणि घर्षण सरळ रेषेत वागत नाहीत, म्हणून दुसरी, आडमार्गाची युक्ती फार लोकप्रिय झाली. प्रोग्रॅम आधी शंभरेक वेळापत्रकं आंधळेपणाने बनवतो. प्रत्येक वेळापत्रक ईपानेटमध्ये चालवून पाहतो: वीज किती लागली, कुठे दाब कमी पडला, टाकी वाहून गेली का. वाईट ती टाकून देतो, बरी ती ठेवतो, आणि बऱ्यांपैकी दोघांचे तुकडे जोडून नवी बनवतो. अधूनमधून एखादा तास उगाच बदलूनही बघतो. चांगल्या कणसाचं बियाणं राखून पुढच्या सालाला तेच पेरणाऱ्या शेतकऱ्याची ही रीत, फक्त इथे एका मिनिटात कितीतरी साल निघतात. सर्वोत्तम उत्तर मिळेलच अशी हमी यात नसते. हाताने लावलेल्या वेळापत्रकापेक्षा बरं उत्तर मात्र बहुतेक वेळा मिळतं.

प्रोग्रॅमला सांगावं लागतं ते दोन गोष्टींत: कमी काय करायचं आणि मोडायचं काय नाही. कमी करायचं ते सहसा वीजबिल. मोडायचं नाही त्याची यादी लांब असते: शेवटच्या घरी ठरलेला दाब हवा, टाकी ठरावीक पातळीखाली जाता कामा नये, पंप दिवसात अमुक वेळांपेक्षा जास्त सुरू-बंद व्हायला नको, कारण प्रत्येक सुरुवातीला मोटरला धक्का बसतो.

एक अट विसरली तर गंमत होते. दिवसाच्या शेवटी टाकी सकाळी होती तेवढीच भरलेली हवी, हे सांगायचं राहिलं, तर प्रोग्रॅम आनंदाने दिवसभर पंप जवळजवळ बंदच ठेवतो, सगळी टाकी रिकामी करतो आणि 'बिल निम्मं केलं' म्हणून कळवतो. तो लबाडी करत नाही. तुम्ही जे मागितलं तेच त्याने दिलेलं असतं. अशा सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या माणसाचा अर्धा वेळ या न सांगितलेल्या अटी शोधण्यात जातो, आणि त्या अटी पुस्तकात नाही, पंपघरात सापडतात.

वीज कुठे जाते

१,००० लिटर पाणी १०० मीटर चढवायला निसर्गाचा हिशोब ०.२७ युनिटचा आहे. मोटर आणि पंप मिळून कार्यक्षमता ५५ टक्के धरली, तर मीटरवर जवळपास अर्धं युनिट पडतं. आपल्या गावात चढण १०० मीटर आणि चढवाहिनीतलं, म्हणजे जॅकवेलपासून टाकीपर्यंतच्या पाइपातलं घर्षण १५ मीटर, मिळून ११५. रोजचे ११० घनमीटर म्हणजे रोज साधारण ६३ युनिट.

आता वाटेत ३० टक्के पाणी गळतं असं समजू. नळाला ११० पोहोचवायचे तर १५७ घनमीटर चढवावे लागतील, आणि रोज जवळजवळ ९० युनिट लागतील. वर्षाला पावणेदहा हजार युनिटांहून जास्त वीज फक्त पाणी वर नेऊन पुन्हा जांभ्या दगडात जिरवण्यावर खर्च. गळतीचं दुखणं इकडे लपून राहतं ते जांभ्यामुळेच. काळ्या मातीत फुटलेला पाइप चिखल करून ओरडतो, जांभ्यात मात्र पाणी कुठे जातं ते दिसतच नाही.

गळती दाबावर चालते. साधारण मानाने दाब चाळीस टक्के कमी केला तर गळती तेवढ्याच प्रमाणात खाली येते. प्लास्टिकच्या पाइपाला लांब चीर गेली असेल तर त्याहूनही जास्त, कारण दाब वाढला की चीरही रुंदावते. म्हणून खालच्या वाडीत दाब मोडणं हा वरच्या वाडीचा उपाय आहे आणि वीजबिलाचाही. माझ्या मते कोकणात पहिला पैसा इथेच घालावा, पंपाच्या वेळापत्रकाची चैन नंतर.

वेळापत्रकातही दोन प्रकारची बचत असते. एक, हळू चालवण्याची. लहान पंप दुप्पट वेळ चालवला तर चढवाहिनीतलं घर्षण १५ वरून ४ मीटरच्या जवळ येतं, आणि ११५ पैकी ११ मीटर वाचले म्हणजे ९ टक्के वीज वाचली. याच कारणाने एका चढवाहिनीवर दोन पंप एकदम चालवले की दुप्पट पाणी येत नाही. ऑपरेटरला हे अनुभवाने माहीत असतं. मॉडेल फक्त किती कमी येतं ते सांगतं.

दुसरी बचत दराची. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी वीजदर दिवसाच्या वेळेनुसार ठेवायची दिशा घालून दिली: उन्हाच्या तासांत स्वस्त, संध्याकाळच्या गर्दीत महाग. योजनेच्या बिलाला असा दर लागू असेल, तर दुपारी टाकी भरून घ्यायची आणि संध्याकाळी पंपाला हात लावायचा नाही, हे सॉफ्टवेअर चटकन शोधून काढतं. लागू नसेल तर या बचतीचा विषयच मिटतो. तेव्हा आधी बिल वाचा, मग सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाचं ऐका.

आणि इथे कोकणचा पावसाळा आडवा येतो. पुस्तकातलं सर्वोत्तम वेळापत्रक टाकी गरजेपुरतीच भरते, कारण आगाऊ चढवण्यात फायदा नसतो. जुलैत झाड तारेवर पडून दोन दिवस वीज गेली की त्या सर्वोत्तम वेळापत्रकावर गाव कोरडं. म्हणून इथल्या मॉडेलमध्ये टाकीची किमान पातळी ऋतूनुसार बदलावी लागते: जून ते सप्टेंबर टाकी शक्य तितकी भरलेली, मग थोडी वीज जास्त लागली तरी चालेल. ऑपरेटर 'लाइट आहे तोवर भरून घेतो' म्हणतो तेव्हा तो अडाणीपणा करत नसतो.

चाकरमानी आणि मे महिना

सॉफ्टवेअरला मागणीचा नमुना द्यावा लागतो: दिवसाच्या कोणत्या तासाला किती पाणी लागतं, आणि वर्षात कधी जास्त लागतं. बाहेरून आलेला सल्लागार इथे हमखास घसरतो, कारण तो जनगणनेतली लोकसंख्या भरतो. कोकणातल्या गावाची लोकसंख्या गणपतीत वेगळी, शिमग्यात वेगळी, मे महिन्यात वेगळी आणि ऑगस्टच्या एखाद्या मंगळवारी आणखी वेगळी. बंद घरं उघडतात, एका घरात पंधरा माणसं येतात.

त्यातही या तीन गर्द्या सारख्या नाहीत. गणपतीत नदीला पाणी मुबलक, पण ते गढूळ, आणि विजेचा भरवसा नाही. शिमग्याला वीज ठीक, पाणी उतरणीला लागलेलं. मे महिन्यात मागणी सगळ्यात जास्त आणि पऱ्या आटलेला. जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथे टँकर फिरतो तो याच दिवसांत, कारण पडलेलं पाणी जांभ्यातून आणि उतारावरून समुद्राला जाऊन मिळालेलं असतं. कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणी ज्या वाशिष्ठीत येतं, तिच्या काठाला हे दुखणं कमी. ज्यांच्या डोक्यावर तलाव आहे त्यांचंही गणित वेगळं: सावंतवाडीचं पाळणेकोंड, वेंगुर्ल्याचा निशाण तलाव, रत्नागिरीचं शीळ धरण. छोट्या पऱ्यावरच्या योजनेला मात्र तीन हंगामांची तीन वेगळी मॉडेलं लागतात, आणि मे महिन्याच्या मॉडेलमध्ये प्रश्न वीजबिलाचा राहतच नाही. जॅकवेलमध्ये दिवसाला ६० घनमीटरच येतात, तर तीन वाड्यांना ते कसे पोहोचवायचे, एवढाच राहतो. रोज सगळ्यांना थोडं, की एक दिवसाआड एकेका वाडीला पुरेसं? पहिल्यात प्रत्येक वेळी रिकामे पाइप भरण्यातच बरंच पाणी जातं. दुसऱ्यात घरोघरी पिंपं भरून ठेवावी लागतात. दोन्हींचे आकडे मॉडेल देतं. निवड ग्रामसभेने करायची.

रिकाम्या पाइपांवरून ईपानेटची एक मोठी मर्यादा आठवली. ते जाळं कायम भरलेलं आहे असं धरून चालतं, चोवीस तास पाणी असणाऱ्या देशांत बनलेलं आहे ना. आपल्याकडे दिवसातले बावीस तास पाइप रिकामे किंवा अर्धे भरलेले. पाणी सोडल्यावर आधी हवा बाहेर पडते, मग पाइप भरतो, मग कुठे दाब तयार होतो. शिवाय आपला माणूस 'मागणी'प्रमाणे पाणी वापरत नाही. नळ पूर्ण उघडा ठेवून पिंप भरेपर्यंत घेतो. दाब जास्त तर पाणी जास्त. २०२० साली आलेल्या ईपानेटच्या २.२ आवृत्तीत दाबानुसार पाणी मिळण्याचा हिशोब आला, त्यामुळे आपल्यासारख्या जाळ्यांसाठी ते पहिल्यापेक्षा पुष्कळ खरं बोलायला लागलं. आवृत्ती जुनी असेल आणि सल्लागाराच्या अहवालात वरच्या वाडीला दाब ऋण दाखवूनही पाणी पूर्ण मिळतंय असं लिहिलेलं असेल, तर अहवाल परत करा.

दुसरी मर्यादा: वीज अचानक गेली की चढवाहिनीतलं पाणी उलटं फिरून जो दणका देतं, तो ईपानेटला दिसत नाही. शंभर मीटर चढ असलेल्या लाइनी फुटतात त्या पुष्कळदा याच दणक्याने. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं असतं.

माहिती कुणाकडे आहे

सॉफ्टवेअर फुकट मिळतं. उंची मोबाइलवरच्या नकाशातून ढोबळ मिळते. ढोबळ म्हणजे कधी कधी पाच-दहा मीटरची चूक, आणि वरच्या वाडीचं भवितव्य १२ मीटरवर ठरत असताना ती चालणार नाही, तेव्हा निदान टाकी आणि टोकाची घरं लेव्हल लावून मोजावीत. पंपाचा आलेख कंपनी देते, पण तो नव्या पंपाचा.

पाइप कुठून गेलाय, हे मात्र कागदावर नसतं. योजना झाल्यावर वाटेत कोणी जोडण्या घेतल्या, कुठे लाइन फुटल्यावर लहान व्यासाचा तुकडा घालून वेळ मारून नेली, कोणता व्हॉल्व्ह अर्धवट अडकलाय आणि कोणता रस्त्याच्या डांबराखाली गेलाय, हे ज्याला माहीत असतं तो म्हणजे पाणी सोडणारा, ग्रामपंचायतीच्या भाषेत जलसुरक्षक. हा व्हॉल्व्ह पाच आटे उघडायचा, सहावा दिला की खालच्या वाडीत पाइप जातो, हे त्याने वर्षानुवर्षांच्या शिव्या खाऊन शिकलेलं असतं. मॉडेल बनवणाऱ्याने संगणक उघडण्याआधी त्याच्यासोबत सगळी लाइन पायी फिरावी. हे सौजन्य म्हणून नाही. या माहितीशिवाय मॉडेल चुकीचं उत्तर देतं, आणि तेही दोन दशांश स्थळांपर्यंत.

मग मॉडेल खरं आहे का ते तपासायचं. पाणी सुरू असताना पाच-सहा नळांवर साधा दाबमापक लावून आकडे घ्यायचे आणि मॉडेलच्या आकड्यांशी ताडून पाहायचे. एके ठिकाणी मॉडेल २० मीटर म्हणतं आणि नळावर ८ च दिसतात, तर मधे कुठेतरी बंद व्हॉल्व्ह, लपलेली गळती किंवा बारीक तुकडा आहे. गंमत म्हणजे पुष्कळ गावांत सगळा फायदा इथेच होऊन जातो. अडकलेला व्हॉल्व्ह सापडतो, आणि सुधारणा करणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत जायची वेळच येत नाही.

नगरपालिकांचं प्रमाण मोठं, म्हणून तिथे प्रवाहमापक, पातळी सांगणारे सेन्सर आणि मोबाइल नेटवर्कवरून आकडे पाठवणारी यंत्रणा बसवतात, म्हणजे मॉडेल दर तासाला स्वतःला ताज्या आकड्यांवर बेतून घेतं. खारा वारा आणि विजांचा कडकडाट यांच्यापुढे ही उपकरणं किती टिकतात, हे निविदेतल्या हमीच्या कलमात आधीच लिहून घ्यावं. सेन्सर बंद पडला की सॉफ्टवेअर शेवटचा आकडाच खरा धरून बसतं, आणि टाकी वाहून जात असताना पडद्यावर ती निम्मी दिसते.

लहान ग्रामपंचायतीने कुठून सुरुवात करावी? टाकीच्या तोंडाशी एक प्रवाहमापक बसवा, आणि पंपाच्या मीटरचं रोजचं वाचन वहीत लिहा. महिनाभराच्या युनिटांना चढवलेल्या घनमीटरांनी भागा. आपल्या उदाहरणातल्या गावात हे उत्तर ०.५७ च्या आसपास यायला हवं. ०.९ आलं तर पंप झिजलाय किंवा चढवाहिनीत काहीतरी अडकलंय, आणि हे कळायला सॉफ्टवेअरही लागलं नाही. त्यानंतर ईपानेटमध्ये वीसेक जोडांचं छोटं मॉडेल करायला जवळच्या पॉलिटेक्निकचे विद्यार्थी पुरतात. मॉडेलची फाइल साध्या मजकुराची असते, कोणत्याही संगणकावर उघडते. ती सल्लागाराच्या लॅपटॉपवर न राहता ग्रामपंचायतीच्या दप्तरात राहील असं पाहा, आणि गावात नवी जोडणी दिली की त्याच आठवड्यात तिच्यात ती भरून घ्या. दोन वर्षं हात न लावलेलं मॉडेल दुरुस्त करण्यापेक्षा नवं करणं स्वस्त पडतं.